चार ठिपके

पॉवर बँक म्हंजे काय ते मला
दोन वर्सांमागं ठावं नव्हतं.
पाटणच्या बाजारात टपरीवाल्यासंगं घासाघीस करून
ह्यांनी दोन घेतल्या, एक काळी, एक पांढरी.
मी म्हटलं, दोन कशाला?
म्हणाले, एक वर, एक खाली,
रहाटाच्या घागरींगत.

वर म्हंजे सड्यावर, पवनचक्क्यांत.
त्यातल्या आठांची राखण ह्यांच्याकडं.
रात्रभर पाती फिरतात, घूं घूं,
वीज तयार होती आन् तारांवरनं
लांब कुठल्या कुठल्या शहरात जाती.
ह्यांच्या पत्र्याच्या खोपीत मात्र
एक पिन खुपसायला भोक न्हाई.
साहेबाला इच्यारलं तर म्हणाला,
ती अशी घेता येत न्हाई, हिंदुराव,
ती मोठी वीज हाय.

आनंदा लांबोराची दुधाची गाडी
सांजच्याला रिकाम्या किटल्या घेऊन वर जाती,
तिच्यासंगं भरलेली बँक.
सकाळी भरल्या किटल्या खाली येतात,
त्यांच्यासंगं रिकामी.
मी भाकरीच्या फडक्यातच बांधती,
खर्ड्याचा डाग लागू नये म्हणून
वर माझ्या जुन्या झंपराची चिंधी.

तिचं बटण दाबलं की निळे ठिपके पेटतात, चार.
पोस्टकार्ड वाचावं तसे मी ते वाचायला शिकले.
दोन उरले तर रात निवांत गेली.
एकच उरला तर हापिसाचे फोन लई झाले,
न्हाईतर कराडच्या हॉस्टेलातनं
मोनालीनं बापाचं डोकं खाल्लं.
थंडीत ठिपके लवकर विझतात,
म्हणून हे बँकेला कानटोपी घालून निजवतात.
स्वतः उघड्या डोक्यानं.

परवाच्या धुक्यात काळी खाली आली ती ठार मेलेली.
दाबलं, पुसलं, परत दाबलं,
एक ठिपका न्हाई.
आन् रातच्याला घरी तर फोन आला नव्हता!
पोरीला इच्यारलं, तिलाबी न्हाई.
मग चार ठिपके बोलला कुणासंगं हा माणूस?
त्या सांजला पांढरी धाडली,
भाकरी धाडली,
लोणचं मुद्दाम इसरले.

दुसऱ्या दिशी पांढरी परत आली.
दाबलं.
चारीच्या चारी.
धाडली तशी, एक थेंब न सांडता.
रिकामीचा राग आला हुता,
भरलेलीनं हातपाय गळाले.
आनंदा म्हणाला, गाठोडं फाटकाच्या खिळ्याला हुतं,
माणूस कुठं दिसतोय, वैनी, धुकं केवढं.

किटल्यांच्या मधी बसून मी सडा चढले.
पाती दिसत नव्हती, नुसता आवाज,
डोक्यावरनं कुणी दळण दळावं तसा.
हे खोपीच्या दारात बसलेले,
हातात एक तांबडी वायर,
तिचं टोक फोनच्या तोंडात कोंबत,
उलटं, सुलटं, फुंकर मारून.

मोटारसायकलवर दोघं आली हुती, म्हणाले, वाट चुकून.
त्यांचा फोन मेलेला, नकाशा फोनात.
पोरगी नुसती लटलट कापत हुती.
म्हटलं घ्या, भरा, बसा आत.
मी भाईर बसलो.
तिनं आईला फोन लावला,
मैत्रिणीकडं हाय म्हणाली.
पहाटं गेली, तर जाताना वायर बदलली.
ह्याचं टोक चपटं, आपल्याला पातळ लागतं.

आन् लोणचं? म्हणाले,
लोणचं का न्हाई धाडलंस?

मी काय बोलले न्हाई.
आनंदाची गाडी सकाळीच परतणार हुती.
पिशवीतनं पांढरी काढली,
तिच्या बुडाला बारका दिवा हाय,
एवढ्या दिसांत आम्ही कधी लावला नव्हता.
त्याच्या उजेडात भाकरी मोडली.
वर मोठी वीज घूं घूं करत
कुठल्याशा शहराकडं चालली हुती.

निजताना दाबून बघितलं.
तीन उरले हुते.
मग मी ह्यांच्या डोक्याला कानटोपी घातली.